जुन्या कॉम्प्युटरवर जबरदस्तीने विंडोज ११ चढवली आणि तो बंद पडला? आता तरी या चुका टाळा

विंडोज ११ मागते ती टीपीएम ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा, तरी रुफस या सॉफ्टवेअरने पेन ड्राइव्ह बनवून किंवा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) एक नोंद घालून विंडोज ११ टाकायची. हा जुगाड २०२१ पासून चालू आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला आणि मग तर त्यावर उड्याच पडल्या. चालतोही तो बऱ्याचदा. चालला नाही की मात्र सगळीकडे तोच क्रम दिसतो: घाबरणं, दहा बटणं दाबणं, बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) रिसेट करणं आणि शेवटी "फॉरमॅट मारून टाक".

फसलेल्या अपडेटमध्ये तुमचा डेटा आणि पुष्कळदा जुनी विंडोजसुद्धा डिस्कवर शाबूत असते. खरं नुकसान होतं ते पुढच्या तासाभरातल्या घाईत.

आधी बघा, गाडी कुठे अडली आहे

पडद्यावर काहीच येत नाही, बीप वाजतात, पंखा फिरतो पण बोर्डाचा लोगोही दिसत नाही? मग त्यात विंडोजचा हात नाही. बऱ्याचदा दहा वर्षं न हललेल्या रॅमचा संपर्क नीट लागत नसतो, एवढंच. वीज काढा, रॅम बाहेर काढा, सोनेरी कडा साध्या खोडरबरने पुसा, कण झटका, एकच पट्टी लावून पाहा. बोर्डाचा लोगो येतो आणि नंतर काळोख होतो, तर घोळ बूट फायलींचा (विंडोज सुरू करणाऱ्या फायलींचा), बायोसच्या सेटिंगचा किंवा प्रोसेसरचा. ठिपके गोल फिरतात आणि मग निळा पडदा येतो, तर ड्रायव्हर किंवा अर्धवट अपडेट. या तीन पायऱ्यांत फरक न करता यूट्यूबवरच्या पहिल्या व्हिडिओतली कमांड मारणाऱ्यांना मदत करणं अवघड असतं, कारण तोवर मूळ दोषावर दुसरे दोन दोष चढलेले असतात.

सर्वांत मोठी चूक: ज्या पेन ड्राइव्हने घात केला, त्यानेच उपचार

ही चूक इतक्या वेळा होते की हिच्यावर जरा सविस्तर लिहायला हवं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ च्या कर्नलला, म्हणजे तिच्या गाभ्याला, प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ हा सूचनासंच लागतो. एखाद्या संख्येतले एक हे बिट किती ते मोजणारी पॉपकाउंट नावाची सूचनाही त्याच्याच जोडीने येते. इंटेलच्या पहिल्या पिढीच्या कोअर आय मालिकेपासून हे आहे. कोअर टू ड्युओ, कोअर टू क्वाड आणि त्यांच्या काळातले पेंटियम ड्युअल कोअर यांत नाही. एएमडीच्या फिनॉम टू आणि अ‍ॅथलॉन टू मध्ये पॉपकाउंट आहे, पण एसएसई ४.२ नाही, म्हणून तेही बाद.

टीपीएमची अट ही दारावरच्या रखवालदारासारखी. रुफस किंवा रजिस्ट्रीतली नोंद त्या रखवालदाराला गप्प बसवते. प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्ये जी सूचना कोरलेलीच नाही, ती कोणतीही नोंद आणून देत नाही. कर्नल ती सूचना मागतो, प्रोसेसरला ती कळत नाही आणि मशीन रीस्टार्ट होतं. पुन्हा तेच, पुन्हा रीस्टार्ट. कसलाही संदेश नाही, म्हणून माणसाला वाटतं बोर्ड गेला.

नमुन्यादाखल एक मशीन घ्या. लग्नपत्रिका छापणारं डीटीपीचं दुकान, जी४१ चिपसेटचा बोर्ड, कोअर टू ड्युओ ई७५००, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. ऐन लग्नसराईत घरातल्या एका उत्साही पोराने चालू विंडोज १० मधूनच २४एच२ चं सेटअप सुरू केलं. टक्केवारी पूर्ण झाली, पहिला रीस्टार्ट झाला आणि मशीन त्याच चक्रात अडकलं. मग त्याच आयएसओचा (सेटअपच्या फाइलचा) नवा पेन ड्राइव्ह. तेच. मग दुसऱ्या कंपनीचा पेन ड्राइव्ह, तीच आयएसओ. तेच. दुकानात आणलेल्या कारागिराने एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलला, मग रॅम बदलली, मग "बोर्ड गेला" म्हणून सांगितलं. दोन दिवस गेले, पत्रिका अडकल्या. शेवटी कोणाला तरी विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीचा पेन ड्राइव्ह लावायची बुद्धी झाली आणि मशीन पहिल्या झटक्यात बूट झालं. डिस्क तपासली तर विंडोज १० जागच्या जागी. पुढचं काम वीस मिनिटांचं.

विंडोज १० जागेवर कशी राहिली, तेही समजून घ्या. चालू विंडोजमधून अपग्रेड करताना सेटअप आधी फक्त फायली एका लपलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवतो. त्या फोल्डरच्या नावाची सुरुवात डॉलरच्या चिन्हाने होते. मग मशीन रीस्टार्ट होऊन छोट्या तात्पुरत्या विंडोजमध्ये जातं आणि तिथे जुनी विंडोज बाजूला सरकवून नवी बसवली जाते. या मशीनवर ती छोटी विंडोजच सुरू होत नाही, म्हणजे जुनीला अजून हातही लागलेला नसतो. बिघडलेली असते ती फक्त बूटची नोंद, जी प्रत्येक वेळी त्या न चालणाऱ्या सेटअपकडे पाठवते.

उपाय असा. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० ची २२एच२ आयएसओ उतरवा आणि रिकाम्या ८ जीबी पेन ड्राइव्हवर रुफसने टाका. जी३१, जी४१ च्या जमान्यातल्या बोर्डांसाठी पार्टिशनची पद्धत एमबीआर आणि लक्ष्य बायोस ठेवा. त्या बोर्डांत सहसा यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पिढी, नसतंच. पेन ड्राइव्ह कॅबिनेटच्या मागच्या यूएसबीत लावा, पुढच्या पोर्टच्या वायरींवर या वयात भरवसा नको. जुन्या बायोसमध्ये पेन ड्राइव्ह यूएसबी म्हणून न दिसता हार्ड डिस्कच्या यादीत दिसतो, तिथे त्याला वर न्या. बूट मेनूची कळ बहुतेक डेल, लेनोवो आणि गिगाबाइटवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या बोर्डांवर एफ८.

सेटअपचा पडदा आला की "इन्स्टॉल" दाबायचं नाही. खाली डाव्या कोपऱ्यात दुरुस्तीचा पर्याय असतो, तिथून कमांड प्रॉम्प्टवर जा. डिस्कपार्ट या कमांडमध्ये व्हॉल्यूमची (डिस्कच्या भागांची) यादी काढा, कारण इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात. तुमचा नेहमीचा सी इथे डी असू शकतो आणि सी म्हणजे सिस्टिम रिझर्व्हड नावाचा छोटासा भाग. ज्यात विंडोजचा फोल्डर आहे तो ड्राइव्ह शोधा. शेजारी विंडोज डॉट ओल्ड (बाजूला सरकवलेल्या जुन्या विंडोजचा फोल्डर) नसेल तर जुनी विंडोज हललेली नाही. मग छोट्या भागातल्या बूट फोल्डरमधली, बूटची नोंद ठेवणारी बीसीडी फाइल अ‍ॅट्रिब कमांडने उघडी करून तिचं नाव बदला. पुसू नका, फक्त नाव बदला. शेवटी बीसीडीबूट कमांड. तिला तीन गोष्टी सांगायच्या: विंडोजचा फोल्डर कुठे, बूट फायली कोणत्या भागावर लिहायच्या आणि पद्धत बायोस की यूईएफआय. पेन ड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा.

दुसरी लाडकी चूक: "बायोस रिसेट करून बघू"

या सल्ल्याने जितकी मशीनं बंद पाडली असतील तितकी अपडेटनेही पाडली नसतील. बायोस रिसेट केलं की साटाची (डिस्कच्या जोडणीची) पद्धतही कारखान्यातल्या मूळ जागी जाते. पुष्कळ जुन्या बोर्डांवर ती आयडीई असते, डेलच्या बऱ्याच मॉडेलांवर रेड. तुमची विंडोज बसवली होती एएचसीआयवर. आता तिला डिस्कचा ड्रायव्हरच लागू होत नाही आणि "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" असा निळा पडदा येतो. मूळ दोष होता एक, आता झाले दोन.

२०१२ ते २०१७ च्या मशीनवर आणखी एक गंमत होते. विंडोज यूईएफआयवर बसलेली असते, रिसेटनंतर बूटची पद्धत लेगसीवर जाते आणि मशीन म्हणतं की बूट करण्याजोगी डिस्कच नाही. डिस्क धडधाकट असते.

हाच रिसेट कोणी न करताही होतो. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. नवा सेल ३ व्होल्टचा. मीटरवर २.७ च्या खाली दिसला की बदला. रोज वापरातल्या मशीनला स्टँडबाय वीज मिळत असते, म्हणून सेल मेल्याचं कळत नाही. अपडेट फसल्यावर माणूस वैतागून मेन स्विच बंद करतो, रात्रभर वीज नसते आणि सकाळी सेटिंग उडालेली. दोष जातो अपडेटच्या माथी. बायोसमधलं घड्याळ बघा. तारीख दहा-पंधरा वर्षं मागे गेली असेल तर चोर सापडला. सेल बदला, तारीख लावा, साटा एएचसीआयवर आणि बूटची पद्धत पूर्वीसारखी करा.

पूर्वी काय होतं ते आठवत नाही? एका वेळी एकच सेटिंग बदला, जतन करा, बूट करून बघा. एकदम चार बदलणाऱ्याला कशाने चाललं तेही कळत नाही आणि कशाने बिघडलं तेही.

याच जातीची आणखी एक चूक: विंडोज ११ ला यूईएफआय हवं म्हणून एमबीआरची डिस्क जीपीटी (पार्टिशनची नवी पद्धत) करायची आणि बायोसमध्ये यूईएफआय चालू करायला विसरायचं. सेटिंग बदलली की मशीन सुरू होतं. बोर्डात यूईएफआय नसेलच, तर ती डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून डेटा काढून घ्या.

डेटा न काढता दुरुस्ती

दुरुस्तीच्या कमांड प्रॉम्प्टवर नोटपॅड लिहून एंटर मारा. फाइल उघडण्याच्या चौकटीत "ऑल फाइल्स" निवडा आणि तिथूनच फोल्डर कॉपी करून दुसऱ्या डिस्कवर पेस्ट करा. प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, धीर धरा. डेटा जास्त असेल तर लिनक्स मिंटचा पेन ड्राइव्ह बनवा आणि इन्स्टॉल न करता थेट चालवा. अर्धवट अपडेटमुळे विंडोजचा ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडला तर उत्तमच. तो जबरदस्तीने लिहिता करायला जाऊ नका.

डिस्क बाहेर काढून यूएसबी केबलने जोडणार असाल तर डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. लॅपटॉपच्या डिस्कची केबल तिला पुरत नाही. डिस्क फिरत नाही म्हणून ती मेली समजणारे पुष्कळ.

फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी करून सुटका नाही. टॅलीचा डेटा सहसा तिथे नसतो, मराठी डीटीपीचे जुने फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये असतात आणि आउटलुकची पीएसटी फाइल (साठवलेले ईमेल) भलतीकडेच. ज्या सॉफ्टवेअरची सीडी दहा वर्षांपूर्वी हरवली, ते फॉरमॅटनंतर परत येणार नाही. दुकानांच्या मशीनवर "फॉरमॅट मारू" हा शेवटचा उपाय असतो तो याचसाठी.

चेकडिस्कची घाई

डिस्क टकटक करत असेल किंवा स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे तुकडे, शून्याहून जास्त दिसत असतील, तर चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासणारी कमांड चालवू नका. ती मरत्या डिस्कला शेवटपर्यंत पळवते आणि दुरुस्तीच्या नावाखाली फायलींच्या नोंदीही खोडते. आधी लिनक्समधून डीडीरेस्क्यूने पूर्ण प्रत काढा, मॅप फाइल ठेवा म्हणजे मध्येच थांबलं तरी पुढून सुरू करता येतं. मग त्या प्रतीवर हवे ते प्रयोग करा.

बाकीच्या, थोडक्यात

अपग्रेड झाल्यावर त्याच संध्याकाळी जागा हवी म्हणून विंडोज डॉट ओल्ड पुसणं. परत फिरायची वाट दहा दिवस उघडी असते, ती तुम्हीच बंद करता.

ठिपके फिरून निळा पडदा येत असेल तर दुरुस्तीच्या पर्यायांतून शेवटचं अपडेट काढा. जमलं नाही तर डिझम या कमांडने अर्धवट राहिलेल्या क्रिया मागे घ्या. स्टार्टअप रिपेअर दोनदा फसलं की तिसऱ्यांदा लावू नका, चमत्कार होत नाही.

बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) मागतो ती ४८ आकडी किल्ली सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती हातात येईपर्यंत डिस्कला हात लावू नका.

कोणीतरी कापून हलकी केलेली विंडोज टाकणं. त्यातल्या काहींमधून दुरुस्तीची यंत्रणाच कापलेली असते, म्हणजे बाहेरच्या पेन ड्राइव्हशिवाय काही हाती लागत नाही. "फास्ट चालते" एवढंच तिचं कौतुक, आणि तेही पहिला आठवडाभर.

भारनियमनाच्या दिवशी, तीन वर्षं जुन्या बॅटरीच्या यूपीएसवर अपडेट लावणं. आधी यूपीएसचा मेन प्लग काढून मशीन दहा मिनिटं तगतं का ते तरी बघा.

बॅकअप आणि सेटअप एकाच पेन ड्राइव्हवर. रुफस तो पूर्ण पुसतो, आणि आधी विचारतोही. न वाचता ओके दाबणाऱ्याला कोण काय करणार?

सुरू झाल्यावर

डिस्क क्लीनअपमधून तात्पुरत्या सेटअपच्या फायली काढा आणि डाउनलोड्समधली ती आयएसओ पुसा, नाहीतर घरातलं कोणीतरी परत डबल-क्लिक करेल. कोअर टू च्या मशीनवर २४एच२ किंवा पुढचं काही चढणार नाही, तो नाद सोडा. विंडोज १० ची २२एच२ असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याने विस्तारित सुरक्षा अपडेटची नोंदणी करता येते. सेटिंग्जचा बॅकअप खात्याशी जोडला तर ती मोफत, एरवी ३० डॉलर किंवा १,००० रिवॉर्ड गुण. मुदत १३ ऑक्टोबर २०२६. त्यानंतर ते मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त डीटीपीला ठेवा, किंवा वेगळ्या एसएसडीवर लिनक्स टाकून जुनी डिस्क तशीच काढून ठेवा.

आणि बायोसचे पडदे मोबाइलवर टिपून घ्या. साटाची पद्धत, बूटची पद्धत आणि सेल बदलल्याची तारीख एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा.