किटमधून पहिली घरची बिअर कशी करायची (मेलबर्नच्या गॅरेजमधून)

इथे मेलबर्नला ओळखीच्या बऱ्याच जणांनी विचारून झालंय की ते दुकानात डब्यातलं बिअरचं किट मिळतं त्यातून खरंच बिअर होते का आणि कशी, दरवेळी फोनवर अर्धवट सांगितलं जातं म्हणून एकदा सगळं सलग लिहितोय. होते, आणि चांगली होते. फक्त किटबरोबरच्या कागदावर तापमानाबद्दल दोन ओळी असतात आणि बाकी सगळं ढवळण्याबद्दल, आणि माझ्या अनुभवाने बिअर बिघडते ती तापमानानेच.

आधी कायद्याचं. ऑस्ट्रेलियात स्वतःला प्यायला घरी बिअर करणं सत्तरच्या दशकापासून मोकळं आहे, परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही आणि घरी भट्टी लावून दारू गाळायची नाही, तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हाच गुन्हा आहे, त्यामुळे हे वाचून पुण्याच्या भावाला किट पाठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

आता सामान. मी सुरुवात कूपर्सच्या डब्याने केली, ॲडलेडची १८६२ पासूनची ब्रुअरी, डबा इथे कुठेही मिळतो. १.७ किलोचा डबा, आत काकवीसारखा घट्ट काळपट माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा पाक, त्यात हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणारी फुलं) कडूपणा आधीच घातलेला असतो, आणि प्लास्टिकच्या झाकणाखाली ७ ग्रॅमची यीस्टची पुडी. त्यावरची तारीख बघून घ्या, जुनं यीस्ट मरगळलेलं असतं. याशिवाय ३० लिटरचा नळ असलेला फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं प्लास्टिकचं पिंप, हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत मिश्रण किती दाट आहे, त्यावरून साखर किती उरलीय ते दाखवणारी तरंगती नळी, लांब चमचा, बाहेरून चिकटवायची थर्मामीटरची पट्टी, सॅनिटायझर आणि ७४० मिलीच्या ३० तपकिरी प्लास्टिकच्या बाटल्या. पहिल्या वेळी काचेच्या बाटल्या घेऊ नका, कारण पुढे सांगतो.

डब्यातल्या पाकात अजून साखर लागते. लोक सरळ किलोभर घरची साखर ओततात, बिअर होते पण पाणचट आणि जराशी सफरचंदाच्या आंबट सरबतासारखी लागते. त्यापेक्षा अर्धा किलो डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजची पावडर) आणि अर्धा किलो माल्टची फिकट पावडर घ्या, थोडे पैसे जास्त जातात पण तोंडात जो भरीवपणा येतो तो या पावडरचाच. इथे कंजूषी नको.

स्वच्छता. आपल्या घरात लोणच्याच्या बरणीला जो नियम असतो ना, ओला चमचा नाही, खरकटा हात नाही, बरणी धुऊन उन्हात वाळवलेली, अगदी तोच इथे आहे. धुणं वेगळं आणि सॅनिटाइझ करणं वेगळं, आधी सगळं गरम पाण्याने घासून स्वच्छ करायचं आणि मग यीस्ट घातल्यानंतर ज्या ज्या गोष्टीचा बिअरशी संबंध येईल ती प्रत्येक गोष्ट सॅनिटायझरच्या पाण्यातून काढायची, फर्मेंटर, झाकण, चमचा, कात्री जिने यीस्टची पुडी कापणार ती, आणि नळ, नळ सगळे विसरतात, तो उघडून आतून धुवा. न धुता चालणारा फॉस्फरिक ॲसिडचा सॅनिटायझर घ्या, त्याचा फेस राहिला तरी काही होत नाही. फर्मेंटर खरखरीत काथ्याने घासू नका, प्लास्टिकवर ओरखडे पडले की जंतू तिथेच घर करतात.

आता प्रत्यक्ष दिवस, यात तासभर जातो. बंद डबा गरम पाण्यात १०-१५ मिनिटं ठेवा म्हणजे पाक सैल होतो. दोनेक लिटर पाणी उकळा, फर्मेंटरमध्ये ओता, त्यात पाक, डेक्स्ट्रोज आणि माल्ट पावडर घालून ढवळा, पावडरच्या पिठल्यासारख्या गुठळ्या होतील, राहिल्या एकदोन तरी चालतं, रात्रीतून विरघळतात. मग थंड पाणी २३ लिटरच्या खुणेपर्यंत. हे पाणी उंचावरून धबाधबा ओतायचं कारण यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो, आणि हीच एकमेव वेळ आहे जेव्हा हवा चांगली, एकदा आंबायला लागल्यावर हवा गेली तर बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. मेलबर्नचं पाणी डोंगरातल्या राखीव जंगलातून येतं आणि खूप मऊ आहे, बिअरला छान, तरी नळाला क्लोरीन असतोच, मी आदल्या रात्री पाणी स्वच्छ बादल्यांत काढून झाकून ठेवतो.

आता पट्टीवर बघा. २० अंशांच्या आसपास असेल तर यीस्ट घाला. जास्त असेल तर थांबा. घाई करून २८ वर यीस्ट टाकू नका, फर्मेंटर थंड पाण्याच्या टबात ठेवा, लागले दोन तास तर लागले. यीस्ट घालायच्या आधी हायड्रोमीटरचं रीडिंग घेऊन लिहून ठेवा, साधारण १.०४० येतं. यीस्ट वरून भुरभुरायचं, झाकण लावायचं, संपलं.

आणि इथून पुढचे तीन-चार दिवस खरे महत्त्वाचे. माझी पहिली बॅच जानेवारीत केली होती, बाहेर चाळिशीच्या जवळ, गॅरेजमध्ये ३०-३२, मला वाटलं इडलीचं पीठ उन्हाळ्यात लवकर फुगतं तसं हेही लवकर होईल. झालं लवकर, चार दिवसांत सगळं शांत. पण बाटली उघडली तर नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास, एका ग्लासात डोकं दुखायला लागलं. सगळ्या बाटल्या सिंकमध्ये ओतल्या, फार वाईट वाटलं. कारण नंतर कळलं, यीस्ट गरमीत घाईघाईने काम करतं तेव्हा जड अल्कोहोल आणि असले उग्र वास तयार करतं, आणि ते नंतर कितीही दिवस ठेवलं तरी जात नाहीत. शिवाय आंबताना मिश्रण स्वतःच गरम होतं, खोलीपेक्षा दोन-तीन अंश जास्त, म्हणजे खोली २४ असेल तर आत २६-२७. काही किटच्या कागदावर २७ पर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, बिअर होते त्या तापमानाला, पण १८ ते २० ला केलेली आणि ती शेजारी ठेवून प्या, फरक कुणीही सांगेल.

म्हणून माझा आग्रह आहे की पहिली बॅच एप्रिल-मेमध्ये करा, इथला शरद, घरातल्या आतल्या खोलीत आपोआप १८-२० मिळतं. उन्हाळ्यात करायचीच असेल तर फर्मेंटर कपडे धुवायच्या मोठ्या टबात ठेवा, निम्म्यापर्यंत पाणी, आणि दुधाच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी गोठवून सकाळ-संध्याकाळ एक-एक सोडा. वरून जुना ओला टॉवेल गुंडाळून पंखा लावला तर अजून उतरतं, आपल्याकडे माठ गार होतो त्याच कारणाने. जून-जुलैमध्ये उलटं, गॅरेजमध्ये दहा अंशांवर यीस्ट झोपून जातं, तेव्हा घरात आणा किंवा हीट बेल्ट, म्हणजे फर्मेंटरभोवती गुंडाळायचा विजेवर तापणारा पट्टा लावा. ऊन मात्र कधीच लागू देऊ नका, उन्हाने हॉप्समधले घटक तुटून घाण वास येतो, बाटल्या तपकिरी असतात त्या याचसाठी.

दुसऱ्या दिवशी वर तपकिरी फेस दिसेल. एअरलॉकमधून (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची नळी) बुडबुडे येत नाहीत म्हणून घाबरू नका, झाकण जरा सैल असलं की गॅस तिथून निघून जातो, फेस किंवा फेसाची सुकलेली रेघ दिसली म्हणजे काम चालू आहे. झाकण उघडून बघायचं नाही. सहा-सात दिवसांत फेस बसेल पण लगेच बाटल्या भरू नका, यीस्ट स्वतःने केलेली काही घाण शेवटी स्वतःच साफ करतं, त्याला तेवढा वेळ द्या. मी सरळ दोन आठवडे ठेवतो. मग हायड्रोमीटर, आज १.०१० आणि उद्या-परवाही १.०१० तर झालं. आकडा अजून उतरत असेल तर थांबा, कारण राहिलेली साखर बाटलीत आंबते आणि काचेची बाटली फुटते, काचा उडतात, हा धोका खरा आहे. प्लास्टिकची बाटली दाबून कळतं किती प्रेशर झालंय, म्हणून पहिल्या वेळी ती.

अल्कोहोल काढायचं असेल तर पहिल्या रीडिंगमधून शेवटचं वजा करून १३१ ने गुणा, ०.०३० ला साधारण ३.९ टक्के, बाटलीतल्या साखरेचं थोडं वर धरून सव्वाचार-साडेचार.

बाटल्या भरताना प्रत्येक ७४० मिलीच्या बाटलीत दोन कार्बोनेशन ड्रॉप्स, म्हणजे मापाच्या साखरेच्या गोळ्या, एक कमी नाही एक जास्त नाही. नळाला भरायची नळी लावा म्हणजे बाटली तळापासून शांतपणे भरते, उसळत नाही. तळाशी यीस्टचा गाळ असतो, फर्मेंटर शेवटी तिरका करून तो गाळ ओढू नका, अर्धा-एक लिटर सोडून द्या. झाकणं घट्ट, आणि बाटल्या २० अंशांच्या आसपास अंधारात उभ्या दोन आठवडे. फ्रिजमध्ये लगेच ठेवल्या तर गॅसच होणार नाही.

दोन आठवड्यांनी एक बाटली, कडक झालीय ना बघून, दोन दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवा म्हणजे गाळ खाली घट्ट बसतो. ग्लास तिरका धरून एका दमात ओता, मध्ये बाटली सरळ केली की गाळ हलतो, शेवटचा बोटभर बाटलीतच राहू द्या. चव अजून कच्ची वाटली तर बाकीच्या तशाच ठेवा, सहाव्या-आठव्या आठवड्यात ती बरीच गोल होते, मी दर बॅचच्या सहा बाटल्या तीन महिन्यांसाठी मागे लपवून ठेवतो. आणि बाटली रिकामी झाली की त्याच मिनिटाला पाण्याने तीनदा विसळून उलटी ठेवा, गाळ वाळला की निघता निघत नाही.