तेलावरचा बॉयलर बसवताय? आधी फ्लूची जागा ठरवा

इंग्लंडमध्ये खेड्यात घर घेतलं की बरेचदा कळतं, गॅसची लाइन गावापर्यंत आलेलीच नाही. मग परसात हिरवी प्लास्टिकची टाकी, टाकीत केरोसीन, म्हणजे आपलं घासलेटच, आणि त्यावर चालणारा, घर आणि पाणी तापवणारा कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे धुरातली वाफ थंड करून तिचीही उष्णता वापरणारा. मी हेच बॉयलर बसवतो. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या कंपनीचा घेऊ?" मी उलट विचारतो, त्याच्या फ्लूचं, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचं तोंड कुठल्या भिंतीतून बाहेर काढणार? ते ठरलं की बॉयलर कुठे आणि कोणता, हे बरंचसं आपोआप ठरतं.

बॉयलरला हवा किती लागते ते आधी बघा. एक लिटर केरोसीन जळायला कमीत कमी १० घनमीटर हवा लागते, बर्नर प्रत्यक्षात थोडी जास्तच घेतो. २० किलोवॉटचा बॉयलर पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण २ लिटर तेल पितो. म्हणजे तीन मीटर बाय तीन मीटरच्या खोलीत मावेल एवढी हवा तो तासाभरात संपवतो. शिवाय प्रत्येक लिटर तेलामागे जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. ते पुढे भिंतीवर, खिडकीवर आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीत दिसतं.

ही हवा बॉयलर कुठून घेतो त्यावरून दोन प्रकार पडतात. ओपन फ्लूवाला खोलीतलीच हवा ओढतो. रूम-सील्ड, म्हणजे बॅलन्स्ड फ्लूवाला, हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. घरात बसवायचा असेल तर मी रूम-सील्डच सुचवतो, कारण ओपन फ्लूला हवेसाठी भिंतीत जाळी ठेवावी लागते आणि माणसांना थंडी वाजली की ती ही जाळी बुजवतात. उशीचा अभ्रा, वर्तमानपत्र, चिकटपट्टी, सगळं बघितलंय. रूम-सील्ड बॉयलर खोलीच्या हवेवर अवलंबूनच नसतो.

तरीही ओपन फ्लू घ्यावाच लागला तर नियम असा: आउटपुटमधले पहिले ५ किलोवॉट सोडून पुढच्या प्रत्येक किलोवॉटला ५५० चौरस मिमी, कायम उघडी जागा. २१ किलोवॉटसाठी १६ गुणिले ५५०, म्हणजे ८,८०० चौरस मिमी. घर नवं आणि हवाबंद बांधणीचं असेल तर त्या ५ किलोवॉटची सूटही विसरा. इथे एक गोष्ट सांभाळा. ग्रिलच्या बाहेरच्या मापाला काही अर्थ नाही, मोजायची ती फटींची मोकळी जागा. स्टीलपट्टी घ्या, एका फटीची लांबी-रुंदी मोजा, फटी किती ते मोजा आणि गुणा. हातभर दिसणारी ग्रिल कधी कधी निम्मीसुद्धा भरत नाही. फट कुठेही ५ मिमीपेक्षा अरुंद नको. किडे अडवणारी बारीक जाळी मागे लावली तर धूळ आणि कोळिष्टकं तिला काही महिन्यांत बंद करून टाकतात.

त्याच खोलीत स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन असेल तर तो फ्लूचा धूर उलटा खोलीत ओढू शकतो. प्रेशर-जेट, म्हणजे तेल दाबाने फवारून जाळणारा बर्नर असेल तर फॅन सेकंदाला ४० लिटरच्या वरचा नको. आणि तपासणी करताना दारं-खिडक्या बंद आणि फॅन फुल ठेवायला सांगा.

बॉयलर कपाटात असेल तर रूम-सील्डलाही हवा लागते, ती कपाट थंड ठेवायला. थेट बाहेर उघडणारी जाळी असेल तर वर आणि खाली, दोन्हीकडे किलोवॉटमागे ५५० चौरस मिमी. खोलीत उघडत असेल तर त्याच्या दुप्पट. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिका ऐका.

आता टर्मिनल, म्हणजे फ्लूचं भिंतीबाहेरचं तोंड. खडू आणि टेप घेऊन भिंतीसमोर उभे राहा आणि खूण करा. प्रेशर-जेट बॉयलरचं टर्मिनल उघडणाऱ्या खिडकीपासून, दारापासून किंवा एअरब्रिकपासून (हवेसाठी भोकं असलेली वीट) ६०० मिमी दूर हवं, खाली असो की बाजूला. जमिनीपासून ३०० मिमी वर, कोपऱ्यापासून ३०० मिमी, सांडपाण्याच्या उभ्या पाइपपासून ३०० मिमी. तेलाच्या टाकीपासून १.८ मीटर. समोर भिंत किंवा हद्द असेल तर किमान ६०० मिमी. हा शेवटचा आकडा कागदावर पुरतो, पण कंडेन्सिंग बॉयलरला मला तो फारच तोकडा वाटतो. जुन्या बॉयलरचा धूर गरम असायचा, झटकन वर जायचा. याचा थंड आणि ओला असतो. गारठलेल्या सकाळी तो पांढरा लोट टर्मिनलसमोरच रेंगाळतो आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर घासलेटचा वास सोडून जातो. दोन घरांमधल्या बोळात तोंड काढू नका. दुसरी जागाच नसेल तर त्याच कंपनीचं प्लूम किट, म्हणजे लोट वर नेणारा जोडपाइप लावून लोट छपराच्या उंचीला न्या. पायवाटेजवळ, हात लागेल अशा उंचीवर टर्मिनल असेल तर त्यावर पिंजरा हवाच.

जुनं विटांचं धुराडं आयतं आहे म्हणून त्यात पाइप सोडायचा मोह होतो. पण धुरातली वाफ थंड होऊन त्यात जमणारं पाणी आम्लयुक्त असतं, चुना-सिमेंट खातं. गॅसचा साधा लायनर, म्हणजे धुराड्याच्या आत घालायचा पाइप, चालत नाही. तेलाच्या ओल्या धुरासाठी प्रमाणित असलेलाच घाला, किंवा सरळ भिंतीतून बाहेर या. आडव्या फ्लूला बॉयलरच्या दिशेने किंचित उतार असतो, म्हणजे पाणी आत परत येऊन सापळ्यातून निघून जातं. तिथून पुढचा निचऱ्याचा पाइप प्लास्टिकचाच हवा, तांब्याचा नको. उतार मीटरमागे साधारण ४५ मिमी. घराबाहेर पाइप ३२ मिमीचा, शक्य तितका आखूड आणि वर इन्सुलेशन. हिवाळ्यातली "बॉयलर बंद पडला"वाली निम्मी रड या गोठलेल्या पाइपाचीच असते. तेव्हा त्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऐच्छिक नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये असा बॉयलर नव्याने बसवताना तो लागतो आणि भाड्याच्या घरात बॉयलर राहत्या खोलीत असेल तर घरमालकाला लावावाच लागतो. छतावर लावलात तर भिंतीपासून ३०० मिमी दूर, आणि बॉयलरपासून आडव्या अंतराने १ ते ३ मीटरच्या आत.

यातले बहुतेक आकडे इंग्लंडच्या अप्रूव्हड डॉक्युमेंट जे मधले, म्हणजे बांधकाम नियमांच्या सरकारी मार्गदर्शिकेतले. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची कागदपत्रं वेगळी आहेत, तिथली बघा. काम ऑफटेक (तेलावरच्या उपकरणांचं काम करणाऱ्यांची नोंदणी संस्था) नोंदणी असलेल्या माणसाकडून करून घ्या, तो ते स्वतः प्रमाणित करू शकतो. नाहीतर काम सुरू करण्याआधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या विभागाला कळवावं लागतं. काम झाल्यावर मिळणारं प्रमाणपत्र घराच्या कागदांतच ठेवा. घर विकायला काढलं की समोरचा वकील ते मागतो.