प्रोटॉन-समृद्ध अणुकेंद्रांवरील प्रयोग : या चुका टाळा

स्थिर अणुकेंद्रांवर काम करून हात बसलेला संशोधक प्रोटॉन ड्रिप-लाइनजवळच्या (ज्या सीमेपलीकडे जादा प्रोटॉन अणुकेंद्रात बांधला जात नाही, तिच्याजवळच्या) अणुकेंद्रांकडे वळतो, तेव्हा त्याच्या जुन्या सवयीही त्याच्यासोबत येतात, आणि इथल्या बहुतेक चुकांचे मूळ त्या सवयींतच असते. त्यांपैकी सर्वांत महागात पडणारी सवय म्हणजे ऊर्जेच्या आकड्यातील लहानशी चूक क्षम्य मानणे. प्रोटॉनला विद्युतभार असल्यामुळे बाहेर पडताना किंवा आत शिरताना त्याला कूलोंब अडथळा ओलांडावा लागतो, आणि त्या अडथळ्यातून आरपार जाण्याची शक्यता ऊर्जेवर घातांकी रीतीने अवलंबून असते. ल्युटेशियम-१५१ हे मूळ अवस्थेतून प्रोटॉन फेकताना आढळलेले पहिले अणुकेंद्र. डार्मस्टाटच्या जीएसआय प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते सापडले. त्याच्या प्रोटॉनची ऊर्जा सुमारे १.२३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (एमईव्ही) आहे. हा आकडा केवळ ५० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टने, म्हणजे ५० केईव्हीने, चुकला तर त्यावरून गणित करून काढलेले अर्धायुष्य तिपटीच्या आसपास बदलते. मग प्रोटॉन कोणत्या कक्षेतून आला आणि त्या कक्षेचा वाटा किती, याविषयी काढलेला निष्कर्षही त्याच प्रमाणात ढळतो.

म्हणून या लेखात मी सर्वाधिक जागा ऊर्जेच्या कॅलिब्रेशनला, म्हणजे डिटेक्टरचा संकेत ज्ञात ऊर्जांशी जुळवून घेण्याला, देणार आहे.

बाहेरच्या अल्फा-स्रोतावर विसंबणे

नेहमीची पद्धत अशी असते : सिलिकॉन डिटेक्टरसमोर प्लुटोनियम-२३९, अमेरिसियम-२४१ आणि क्युरियम-२४४ यांचा मिश्र स्रोत ठेवायचा, ५.१६, ५.४९ आणि ५.८१ एमईव्हीच्या तीन शिखरांमधून सरळ रेषा ओढायची आणि तीच रेषा खाली एक एमईव्हीपर्यंत वापरायची. आता डिटेक्टरच्या पृष्ठभागावर अर्ध्या मायक्रोमीटरचा मृत थर, म्हणजे ऊर्जा शोषूनही संकेत न देणारा थर, आहे असे धरू. साडेपाच एमईव्हीचा अल्फा कण सिलिकॉनच्या दर मायक्रोमीटरला सुमारे १४० केईव्ही गमावतो, म्हणजे या थरात त्याचे सुमारे ७० केईव्ही नोंद न होताच खर्च होतात. तिन्ही अल्फा कणांचे नुकसान जवळपास सारखेच असल्यामुळे ओढलेल्या रेषेचा उतार फारसा बिघडत नाही, शिखरे सुबक दिसतात, आणि तो ७० केईव्हीचा तुटवडा रेषेच्या छेदांकात गुपचूप जाऊन बसतो. झोतातून येऊन डिटेक्टरच्या आत रुतलेल्या अणुकेंद्रातून निघालेल्या प्रोटॉनला मात्र हा मृत थर ओलांडावाच लागत नाही. त्यामुळे त्याची ऊर्जा ७० केईव्हीने किंवा त्याहूनही थोडी जास्त वाचली जाते. वर सांगितलेल्या तिपटीच्या फरकाला एवढे पुरते.

यात आणखी एक बारकावा आहे. प्रोटॉन बाहेर पडताना उरलेले अणुकेंद्र मागे ढकलले जाते. ल्युटेशियम-१५१ च्या बाबतीत त्या प्रतिक्षेपाची ऊर्जा सुमारे ८ केईव्ही भरते, पण एवढ्या जड आणि मंद आयनाची थोडीच ऊर्जा विद्युत संकेतात उतरते. संपूर्ण क्षयऊर्जा सांगायची, की केवळ प्रोटॉनची, हे लिहिताना स्पष्ट न केल्यास वाचणारा हे ८ केईव्ही दोनदा मिळवतो किंवा एकदाही मिळवत नाही.

यावर खात्रीचा उपाय एकच : ज्यांची ऊर्जा आधीच नीट ठाऊक आहे असे प्रोटॉन-उत्सर्जक त्याच डिटेक्टरमध्ये, शक्यतो त्याच खोलीवर, रुतवून कॅलिब्रेशन करावे. जड अणुकेंद्रांसाठी थुलियम-१४७ आणि ल्युटेशियम-१५१ वापरता येतात. हलक्यांसाठी सिलिकॉन-२५ सारखे बीटा-विलंबित प्रोटॉन (बीटा-क्षयापाठोपाठ सुटणारे प्रोटॉन) देणारे अणुकेंद्र सोयीचे पडते. झोताचा काही वेळ यासाठी खर्ची पडतो आणि प्रयोगाच्या आखणीत पहिली कात्री त्यालाच लागते; माझ्या मते तो वेळ इतर कोणत्याही कारणासाठी सोडू नये.

बीटा-विलंबित प्रोटॉनची वेगळी अडचण अशी की प्रोटॉनच्या संकेतात त्याच बीटा-क्षयातून निघालेल्या पॉझिट्रॉनने (धनभारित इलेक्ट्रॉनने) सोडलेली ऊर्जाही मिसळते. पॉझिट्रॉनने सिलिकॉनमधील १५० मायक्रोमीटर अंतर सरळ पार केले तरी ५० ते ६० केईव्हीची भर पडते. तिरका गेला तर अधिक. शिखर वरच्या बाजूला सरकते आणि उजवीकडे शेपटी काढते. अशा शिखरावर सममित गाउशियन वक्र बसवणे ही चूकच आहे. पातळ डिटेक्टर वापरावा, शिखराचा आकार संगणकीय अनुकरणातून काढावा, किंवा शक्य असल्यास पॉझिट्रॉनला जेमतेम जाणवणारा वायू-डिटेक्टर निवडावा.

ओळख पटली असे समजण्याची घाई

विखंडन-विभाजकात (अभिक्रियेतून निघालेल्या तुकड्यांतून हवे ते आयन निवडणाऱ्या चुंबकीय यंत्रणेत) आयनांची ओळख चुंबकीय क्षेत्रातील मार्ग, उड्डाणकाल आणि ऊर्जाऱ्हास यांवरून पटते. पहिल्या दोहोंतून वस्तुमानांक आणि विद्युतभार यांचे गुणोत्तर मिळते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन समसमान असलेल्या सर्व अणुकेंद्रांसाठी, सगळे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर, हे गुणोत्तर दोनच असते. टिन-१००, इंडियम-९८ आणि कॅडमियम-९६ उड्डाणकालाच्या अक्षावर एकावर एक येतात. त्यांना वेगळे करण्याचा सारा भार ऊर्जाऱ्हासाच्या मापनावर पडतो, आणि त्या डिटेक्टरमध्ये दोन आयनांचे संकेत एकमेकांवर चढले तर शेजारच्या विपुल आयनाची नोंद दुर्मिळ आयनाच्या जागी जाऊन पडते. म्हणून ओळखीसाठी ऊर्जाऱ्हासाची किमान दोन स्वतंत्र मापने घ्यावीत आणि ती जुळत नसतील तर ती नोंद वगळावी, मग ती कितीही मोलाची वाटो.

एक इलेक्ट्रॉन चिकटून राहिलेला टिन-१०० चा आयन २.०४०८ या गुणोत्तराने धावतो, तर पूर्ण विवस्त्र (सगळे इलेक्ट्रॉन गमावलेल्या) टिन-१०२ चे गुणोत्तर २.०४०० आहे. म्हणजे दुर्मिळ अणुकेंद्राचे काही आयन विपुल शेजाऱ्याच्या गर्दीत हरवतात. त्यामुळे ओळख बिघडत नाही, पण निर्मितीचा काटछेद (अभिक्रिया घडण्याच्या शक्यतेचे माप) काढताना हा हिस्सा विसरला तर उत्तर कमी येते.

मोजक्या घटना आणि अर्धायुष्य

रुतणारा आयन डिटेक्टरमध्ये शेकडो एमईव्ही सोडतो आणि त्यानंतर काही मायक्रोसेकंदांत किंवा मिलिसेकंदांत त्याच ठिकाणी एक एमईव्हीचा क्षय अपेक्षित असतो. पहिल्या धक्क्याने प्रीॲम्प्लिफायर (डिटेक्टरचा संकेत सर्वप्रथम वाढवणारे मंडल) संपृक्त होतो, त्याची आधाररेषा हळूहळू मूळपदावर येते, आणि त्या उतरत्या शेपटीवर बसलेला लहान संकेत एकतर दिसतच नाही किंवा चुकीच्या उंचीचा दिसतो. परिणामी सर्वांत लवकर होणारे क्षय यादीतून गळतात. अनेकदा वर्णपटात काहीच वावगे दिसत नाही; कच्चे तरंगरूप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हा दोष सापडत नाही. आधुनिक डिजिटल यंत्रणा हे तरंगरूप साठवू शकते, आणि निदान दुर्मिळ घटनांसाठी तरी ते साठवावेच.

पाच-दहा घटना हाती असताना वेळेचे रकाने पाडून लघुतम वर्गाने वक्र बसवू नये, कारण रिकामे रकाने उत्तर एका बाजूला ओढतात. प्रत्येक घटनेचा काळ स्वतंत्रपणे घेऊन महत्तम संभाव्यतेची पद्धत (हाती आलेले काळ ज्या अर्धायुष्याने सर्वाधिक संभवनीय ठरतात ते निवडणारी) वापरावी आणि वरची व खालची अनिश्चितता वेगवेगळी द्यावी. क्षय शोधण्याची मुदत मर्यादित असेल तर ती मर्यादा सूत्रात आली पाहिजे. ती न आल्यास अर्धायुष्य हमखास कमी निघते. डिटेक्टरने बीटा कण चुकवला तर कन्या-अणुकेंद्राचा क्षय पहिला म्हणून नोंदला जातो, हेही त्या सूत्रात यायला हवे.

या ठिकाणी एक साधी कसोटी फार उपयोगी पडते, आणि ती जितकी वापरली जायला हवी तितकी वापरली जात नाही. एकाच अर्धायुष्याच्या क्षयांचे काळ घेतले आणि त्यांच्या नैसर्गिक लॉगरिदमचा प्रमाण विचलनांक काढला, तर तो अर्धायुष्य काहीही असले तरी १.२८ च्या आसपास येतो. बराच जास्त आला तर त्या घटनांत दोन वेगळे स्रोत किंवा योगायोगाच्या जोड्या मिसळल्या असण्याची शक्यता असते. फारच कमी आला तर निवडीच्या अटींनीच काळ ठरवून टाकला आहे का, हे तपासावे.

एकाच पुराव्यावर शोध जाहीर करणे

लोह-४५ चा इतिहास या बाबतीत मार्गदर्शक आहे. दोन प्रोटॉन एकाच वेळी बाहेर पडतील हे भाकीत सोव्हिएत शास्त्रज्ञ गोल्डान्स्की यांनी १९६० मध्ये केले होते, पण २००२ मध्ये फ्रान्समधील गॅनिल आणि जर्मनीतील जीएसआय येथे जे प्रत्यक्ष दिसले, ते सुमारे १.१ एमईव्हीचे एकच शिखर होते; दोन प्रोटॉन वेगवेगळे दिसलेच नव्हते. तरीही तो दावा टिकला, कारण पुरावे अनेक दिशांनी जुळत होते : सोबत बीटा कण किंवा पॉझिट्रॉन विलयनाचे फोटॉन नव्हते, ऊर्जा सिद्धांताशी सुसंगत होती, आणि पुढचा क्षय दोन प्रोटॉन गमावलेल्या क्रोमियम-४३ ला साजेसा होता. दोन्ही प्रोटॉनचे मार्ग कॅमेऱ्याने टिपलेले वायू-डिटेक्टरमधील चित्र २००७ मध्ये आले. बीटा कण न दिसणे हा पुरावा मांडताना बीटा शोधण्याची कार्यक्षमता किती होती हे आकड्यात सांगितले नाही, तर तो पुरावा राहत नाही.

गॅमा-वर्णपटातील दोन सापळे

पॉझिट्रॉन विलयनाचा ५११ केईव्हीचा फोटॉन पॉझिट्रॉन देणाऱ्या प्रत्येक क्षयात हजर असतो. डिटेक्टर जवळ असेल तर तो खऱ्या गॅमाशी बेरीज करून नवे शिखर उभे करतो आणि मूळ शिखरातून घटना काढून घेतो. ज्ञात रेषेहून बरोबर ५११ केईव्हीने वर असलेली कोणतीही ‘नवी’ रेषा आधी संशयास्पद मानावी.

दुसरा सापळा १९७७ पासून ‘पँडेमोनियम’ या नावाने ओळखला जातो. क्षयऊर्जा मोठी असली की वरच्या शेकडो पातळ्यांना थोडाथोडा वाटा मिळतो आणि त्यांचे क्षीण गॅमा जर्मेनियम डिटेक्टरला दिसत नाहीत. त्यामुळे खालच्या पातळ्यांचा बीटा-वाटा फुगतो. अशा वेळी संपूर्ण शोषण वर्णपटमापन (क्षयातील सर्व गॅमांची ऊर्जा एकत्र शोषून मोजणे) केल्याशिवाय बीटा-तीव्रतेविषयी ठाम विधान करू नये.

अभिक्रियांच्या प्रयोगांत

जाड पॉलिथिलीन लक्ष्यावर किरणोत्सर्गी झोत सोडून मागून येणारे प्रोटॉन मोजण्याची अनुस्पंदी प्रकीर्णनाची (ज्या ठरावीक ऊर्जांना टकरीची शक्यता एकदम वाढते ती अनुस्पंदने शोधण्याची) पद्धत सुंदर आहे : झोताची ऊर्जा एकदाही न बदलता संपूर्ण उत्तेजन-वक्र मिळतो. पण प्रत्येक प्रोटॉन स्थितिस्थापक टकरीतूनच आला असे ती गृहीत धरते. ऑक्सिजन-१४ च्या झोतासाठी हे बरेचसे चालते, कारण त्याची पहिली उत्तेजित अवस्था ५.१७ एमईव्हीवर, म्हणजे प्रोटॉन सुटण्याच्या उंबरठ्याच्याही वर आहे. बेरिलियम-७ ची पहिली उत्तेजित अवस्था मात्र केवळ ४२९ केईव्हीवर आहे. तिला चेतवून आलेला प्रोटॉन कमी ऊर्जेच्या स्थितिस्थापक प्रोटॉनसारखा दिसतो आणि जिथे अनुस्पंदन नाही तिथे उंचवटा तयार करतो. त्या ४२९ केईव्हीच्या गॅमाचे सहमापन करावे. कार्बनची पार्श्वभूमी शुद्ध कार्बन लक्ष्यावर वेगळी मोजावी. शिवाय तीव्र झोताखाली पॉलिथिलीनमधला हायड्रोजन हळूहळू उडून जातो, तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या तासाचे उत्पन्न ताडून पाहावे.

आरसा-अणुकेंद्राच्या (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या संख्यांची अदलाबदल झालेल्या जोडीदाराच्या) पातळ्या जशाच्या तशा उचलून अनुस्पंदने शोधणेही धोक्याचे आहे. कार्बन-१३ मध्ये ३.०९ एमईव्हीवर असलेली अवस्था नायट्रोजन-१३ मध्ये २.३६ एमईव्हीवर येते, कारण सैल बांधलेल्या एस-कक्षेतील प्रोटॉनला कूलोंब ऊर्जा कमी मोजावी लागते. ताऱ्यांवरील क्ष-किरण स्फोटांतील अभिक्रियांचा वेग काढताना एवढा फरक सगळे गणित उलटवतो : ४० कोटी केल्विन तापमानाला अनुस्पंदन-ऊर्जेतील ३५ केईव्हीची चूक केवळ बोल्ट्झमन घटकातूनच वेग पावणेतीन पट बदलते.

आर्गॉन-३२ मधून घट्ट बांधलेला न्यूट्रॉन काढण्याचा मोजलेला काटछेद अपेक्षित मूल्याच्या सुमारे २४ टक्केच भरला. यावरून कक्षा रिकाम्या आहेत असे थेट म्हणता येत नाही, कारण आर्गॉनच्याच इतर समस्थानिकांवरील स्थानांतर अभिक्रियांनी बंधनऊर्जेवरचे एवढे तीव्र अवलंबन दाखवलेले नाही. काटछेद हे मापन आहे. स्पेक्ट्रोस्कोपिक गुणांक (कक्षा किती भरलेली आहे याचे माप) हा अभिक्रियेच्या प्रतिमानातून काढलेला अर्थ आहे. दोन्ही स्वतंत्रपणे लिहावेत.

आयसोमर, विवस्त्र आयन आणि जुने संदर्भ-आकडे

कोबाल्ट-५३ च्या ज्या अवस्थेतून १९७० मध्ये प्रोटॉन-किरणोत्सर्ग पहिल्यांदा दिसला, ती सुमारे ३.२ एमईव्हीवरची आयसोमर (बराच काळ टिकणारी उत्तेजित) अवस्था होती. तिचे आणि मूळ अवस्थेचे अर्धायुष्य जवळजवळ सारखेच, पाव सेकंदाच्या आसपास आहे. केवळ काळावरून दोन अवस्था वेगळ्या होतील ही अपेक्षा इथे पूर्ण फसते. वस्तुमानाचा सापळा किंवा विशिष्ट प्रोटॉन-रेषाच उपयोगी पडते.

साठवण-कड्यात (आयन सतत फिरवत ठेवणाऱ्या यंत्रात) मोजलेले अर्धायुष्य तटस्थ अणूचे म्हणून वापरू नये. सगळे इलेक्ट्रॉन काढलेला आयन इलेक्ट्रॉन ग्रहण करूच शकत नाही, आणि एकच इलेक्ट्रॉन उरलेला प्रासिओडिमियम-१४० दोन इलेक्ट्रॉन असलेल्यापेक्षा सुमारे दीडपट वेगाने इलेक्ट्रॉन ग्रहण करतो.

उसने घेतलेल्या आकड्यांविषयीही सांगायला हवे. व्हॅनेडियम-४६ ची क्षयऊर्जा २००५ मध्ये अमेरिकेतील अर्गोन प्रयोगशाळेत पेनिंग सापळ्यात (चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रांत आयन अडकवून वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणात) मोजली गेली, तेव्हा ती जुन्या मान्य मूल्यापेक्षा सुमारे २ केईव्हीने जास्त निघाली. संशय १९७७ च्या एका अभिक्रिया-मापनाच्या संपूर्ण संचावर गेला, ज्यातील आकडे तोवर अनेक अतिअनुमत (आधीची व नंतरची अवस्था जवळजवळ सारखीच असलेल्या) बीटा-क्षयांच्या विश्लेषणांत वापरले गेले होते. सात एमईव्हीमध्ये २ केईव्ही नगण्य वाटतात. पण क्षयदर ऊर्जेच्या साधारण पाचव्या घातावर अवलंबून असल्यामुळे फरक ०.१५ टक्क्यांच्या घरात जातो, आणि या क्षयांतून काढायची राशी त्याहून अधिक अचूकतेने सांगितली जाते. म्हणून शोधनिबंधात अंतिम ऊर्जेसोबत कॅलिब्रेशनसाठी वापरलेल्या रेषा, त्यांची गृहीत मूल्ये आणि मृत थराची जाडी लिहावी, जेणेकरून उद्या त्यांतील एखादे मूल्य बदलले तर झोत पुन्हा न मागता जुना आकडा नव्याने काढता येईल.