साठीनंतर हाडं टिकवायची तर नुसतं दूध पुरत नाही

आई गेल्या पावसाळ्यात बाथरूममध्ये घसरली, सावरायला हात टेकला आणि मनगटच मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं म्हणून डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करायला लावला, टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती ते सांगणारा आकडा, आला उणे २.७. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, धरतात. त्याआधी तिला काहीच त्रास नव्हता, हाडं आतून विरळ होताना दुखत नाहीत ना. पाळी गेल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत झीज सगळ्यात जास्त होते, तेव्हा साठीची वाट न बघता आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

आम्ही सुरुवातीला काय केलं तर दूध वाढवलं आणि तिला बसवून ठेवलं. तिथेच चुकलो. हाडावर भार पडला तरच शरीर ते हाड राखतं, म्हणून व्यायाम आधी. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची म्हणजे सरकत नाही, हात छातीवर आडवे घ्यायचे, कशाचाही आधार न घेता उठायचं आणि धपकन न बसता सावकाश खाली यायचं. आईला पहिल्या आठवड्यात तीनदाच जमायचं, मांड्या थरथरायच्या, आता दहा-दहाचे दोन सेट होतात. मग चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली, आणि तिथेच बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं, तोल सुधारला की पडणं कमी होतं. चालायचंच पण जरा झपझप. पोहणं, सायकल चांगलीच, पण त्यात हाडावर भार कमी पडतो.

एक मात्र सांभाळा, मणके ठिसूळ झाले असतील तर कंबरेत वाकून अंगठे धरणं, पिळे देणारी आसनं, वाकून भरलेली बादली उचलणं बंद, मणका दबून मोडू शकतो.

आता खाणं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३५० च्या आसपास मिळतं, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्या झाल्या. पाण्याला उकळी आली की पीठ टाकून झाकून ठेवा, कोमट असताना मळा, भाकरी चिरत नाही. सोबत न सोललेल्या तिळाची चटणी, दोन मोठे चमचे तिळात शंभरच्या वर सहज जातं (तीळ संक्रांतीपुरते ठेवू नका प्लीज). वाटी-दोन वाटी दही किंवा ताक, शेवग्याचा पाला, आणि मासे खात असाल तर काट्यासकट खाता येणारे बारीक मासे. पालकात कॅल्शियम दिसतं पण त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे अंगी फारसं लागत नाही, त्यावर विसंबू नका. म्हातारपणी डाळ-उसळ कमी करतात लोक, "पचत नाही" म्हणून, पण हाडाचा सांगाडा प्रोटीनचाच असतो, मुगाची डाळ, अंडं, पनीर काहीतरी रोज हवंच. लोणचं-पापड कमी, जास्त मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियम जातं. आणि मिश्री सोडाच, तंबाखू हाडांनाही खाते.

ऊन काचेमागचं चालत नाही, व्हिटॅमिन डी बनवणारे किरण काच अडवते. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन घ्या, हात-पाय उघडे ठेवून, चटका बसायच्या आत सावलीत या. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पावडर मात्र मनाने घेऊ नका, आधी रक्त तपासा.

थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा. दमा-संधिवातासाठी स्टेरॉईड चालू असेल तर हाडांचं काय म्हणून डॉक्टरांना मुद्दाम विचारा. टी-स्कोअर आईसारखा असेल तर औषधही लागतं, आईचं चालू आहे, नाचणी त्याच्या जागी नाही. आणि बाथरूममध्ये आजच दांडी बसवून घ्या, आम्ही मनगट मोडल्यावर बसवली.