बायबलमधली गोष्ट गटात घ्यायची आहे? आधी ही तयारी करा

उतारा निदान पाच दिवस आधी ठरलेला असावा आणि तो छोटा असावा. तासाभराच्या बैठकीला सात ते वीस वचनं (अध्यायातले क्रमांक दिलेले छोटे भाग) पुरतात. योसेफाची गोष्ट उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या ३७व्या अध्यायात सुरू होते ती ५०व्यापर्यंत चालते, मध्ये ३८वा अध्याय यहूदा आणि तामारेचा. ती एका बैठकीत उरकायला गेलं की सगळा वेळ सांगण्यातच जातो आणि गटाला तोंड उघडायलाही मिळत नाही. लांब गोष्ट घ्यायचीच असेल तर तिचे प्रसंग पाडा. रूथ आणि योना ही चार-चार अध्यायांची पुस्तकं चार बैठकांत छान बसतात. पहिल्यांदाच गट घेणाऱ्याने मार्क १०:४६–५२ (मार्क या पुस्तकाचा १०वा अध्याय, वचनं ४६ ते ५२), म्हणजे आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट घ्यावी. सात वचनं, मोजकी माणसं, सुरुवात आणि शेवट स्पष्ट. खालची उदाहरणं तिच्यातलीच आहेत.

पहिल्या दिवशी उतारा दोनदा मोठ्याने वाचा आणि कागदावर एवढंच लिहा: कोण आहे, कुठे आहे, कोण काय बोलतं, सुरुवातीला जे होतं त्यातलं शेवटी काय बदललं. टीकाग्रंथ, म्हणजे उताऱ्याचा अर्थ उलगडून सांगणारी पुस्तकं, तिसऱ्या दिवसापर्यंत उघडू नका. ते आधी उघडले की स्वतःला पडणारे साधे प्रश्न पडायचेच थांबतात, आणि गटाला नेमके तेच प्रश्न पडणार असतात.

मग मागचं-पुढचं वाचा. बार्तीमयाच्या जरा आधी याकोब आणि योहान हे शिष्य येशूकडे मानाच्या जागा मागतात. ‘मी तुमच्यासाठी काय करावं?’ असं येशू त्यांना ३६व्या वचनात विचारतो आणि तोच प्रश्न ५१व्या वचनात बार्तीमयाला. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की गोष्ट एकदम खोल जाते. त्याच अध्यायात, ३३ आणि ३४व्या वचनांत, यरुशलेमेत आपलं काय होणार हे येशूने सांगितलेलं आहे आणि ११वा अध्याय उघडतो तो यरुशलेमेच्या वेशीजवळ. बार्तीमय भेटतो ते यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली, तर यरुशलेम डोंगरावर, त्यामुळे ही वाट चढाची. दृष्टी मिळालेला बार्तीमय ‘वाटेने त्याच्यामागे चालू लागला’ तो या वाटेने.

हीच गोष्ट मत्तय २०:२९–३४ आणि लूक १८:३५–४३ इथे जरा वेगळी येते. तीही वाचून ठेवा, कारण हा मुद्दा कोणीतरी काढतोच. मत्तयात आंधळे दोन आहेत. लूकमध्ये येशू यरीहोजवळ येत असतो, तर मार्कमध्ये तिथून निघत असतो. विचारलं तर हा फरक प्रामाणिकपणे दोन वाक्यांत सांगा, आज आपण मार्कचं ऐकतो आहोत म्हणा आणि गोष्टीकडे परत या. तिथेच वीस मिनिटं गेली तर बार्तीमय राहून जातो.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक टाळतात ते हेच: पुस्तक मिटून गोष्ट सांगता आली पाहिजे. शब्दन् शब्द पाठ करायची गरज नाही, चार प्रसंग लक्षात ठेवा. तो वाटेच्या कडेला बसून ओरडतो. लोक दटावतात तेव्हा आणखीच ओरडतो. येशू थांबून त्याला बोलवायला सांगतो आणि तो झगा टाकून उठतो. मग प्रश्न, उत्तर, दृष्टी. माणसांच्या तोंडचे शब्द मात्र उताऱ्यात आहेत तसेच राहू द्या. तीनदा मोठ्याने सांगून बघा, त्यातलं एकदा घरच्या कोणालातरी समोर बसवून आणि त्यांच्या हातात बायबल देऊन. दोन-तीन मिनिटांच्या वर गेलात तर भर घातली जाते आहे असं समजा. ‘तो जन्मापासून आंधळा होता’, ‘त्याच्याकडे तो एकच झगा होता’, ‘त्याच्या डोळ्यांत पाणी आलं’ यातलं काहीच उताऱ्यात नाही. तुम्ही घातलेल्या भरीवर गट अर्ध्या तासाची चर्चा उभी करतो आणि ती चर्चा वचनावर राहत नाही. उलट ४९वं वचन सांगताना हमखास सुटतं. दटावणारी गर्दी तिथे म्हणते, ‘धीर धर, ऊठ, तो तुला बोलावतो आहे.’ हा बदल सुटू देऊ नका.

बैठकीत आधी वाचन, मग तुमचं सांगणं, मग पुस्तकं मिटून गटाने एकेक वाक्य जोडत गोष्ट पुन्हा उभी करायची, आणि शेवटी पुस्तक उघडून काय सुटलं ते बघायचं. या सगळ्याला वीस मिनिटं धरा. ज्यांना वाचन जड जातं तेही यात बरोबरीने येतात. एकेका वचनाची पाळी लावून वाचायला लावू नका. अडखळत वाचणारा माणूस पुढच्या वेळी येत नाही. कोण वाचणार ते आधीच विचारून ठेवा.

प्रश्न पाचच लिहा. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून संपतो तो प्रश्न खोडा, ज्याचं उत्तर उताऱ्यात बोट ठेवून दाखवता येत नाही तो मागे ढकला. ‘बार्तीमयाचा विश्वास मोठा होता ना?’ यावर सगळे माना डोलावतील आणि शांतता पसरेल. त्याऐवजी विचारा: गप्प राहा म्हटल्यावर त्याने काय केलं? गर्दीचं वागणं कुठे बदललं आणि कशामुळे? आंधळ्या माणसाला काय हवंय हे उघड दिसत असताना येशू का विचारतो? तोच प्रश्न याकोब आणि योहानालाही विचारला होता, दोघांच्या आणि याच्या उत्तरांत काय फरक आहे? ‘येशूने आज तुम्हाला हे विचारलं तर?’ हा प्रश्न शेवटचा, आधी मुळीच नको. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. तुम्हीच उत्तर दिलंत तर गट तुमच्या उत्तराची वाट बघायला शिकतो.

एका गोष्टीची तयारी वेगळी करा. ‘तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं आहे’ हे वाक्य गटातल्या आजारी माणसाला, किंवा प्रार्थना करूनही घरचं माणूस गमावलेल्याला, फार टोचू शकतं. कोणीतरी सहज म्हणून जातं की बरं न होणाऱ्याचा विश्वास कमी पडतो. हे वाक्य येशू बार्तीमयाला म्हणतो. इतरांना मोजायची फूटपट्टी म्हणून ते इथे आलेलं नाही. २ करिंथकर १२:७–९ इथे खूण घालून ठेवा: पौलाने तीनदा विनंती केली, तरी त्याच्या देहातला काटा निघाला नाही, कृपा पुरे आहे असं उत्तर मिळालं. उपदेश न देता ती वचनं फक्त वाचा. गटात असं कोणी आहे हे आधीच माहीत असेल तर आदल्या दिवशी भेटून कोणता उतारा आहे ते सांगा.

साहित्य थोडंच लागतं. सगळ्यांसाठी एकाच भाषांतरातून ठळक अक्षरात छापलेला उतारा, दोन प्रती जास्त, पेन्सिली, गोलात खुर्च्या. सहा ते दहा माणसं बरी. जास्त असतील तर गोष्ट एकत्र ऐका आणि प्रश्नांना दोन गट करा.

वेळ सव्वा तास धरलात तर स्थिरावायला दहा मिनिटं, गोष्टीला वीस, प्रश्नांना तीस, प्रार्थनेला पंधरा. कात्री नेहमी प्रार्थनेलाच लागते, म्हणून ती सुरू करायची वेळ कागदावर ठळक लिहा आणि चर्चा रंगात आली असली तरी थांबवा. येशूकडे काय मागायचं ते प्रत्येकाने एका वाक्यात बोलावं, ज्याला बोलायचं नसेल त्याने नुसतं ‘आमेन’ म्हणावं. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही हे प्रार्थनेआधी स्पष्ट सांगा.

त्याच रात्री तीन गोष्टी टिपून ठेवा: कोणत्या प्रश्नावर कोणी बोललंच नाही, कशाचं उत्तर तुम्ही शोधून आणायचं कबूल केलंत, आणि कोण आलं नव्हतं. न आलेल्याला दोन दिवसांत फोन करा.