नांदेडहून लंडन किती लांब? विमानाचं अंतर आणि वेळ अशी काढा

जानेवारीत भाचा शिकायला लंडनला निघाला. मुंबईहून थेट विमानाचं तिकीट होतं. आईने चष्मा लावून वाचलं, "दुपारी एकला निघतंय, सव्वापाचला पोचतंय. सव्वाचार तासांत लंडन? आपली एस.टी. एवढ्यात संभाजीनगरलाही पोचत नाही!"

घोळ इथंच होतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते.

आधी अंतर काढा. विमानतळांचे तीन अक्षरी कोड घ्या: मुंबई बीओएम, लंडनचं हीथ्रो एलएचआर, हैदराबाद एचवायडी, नांदेड एनडीसी. नुसतं 'लंडन' टाकू नका, तिथं विमानतळ बरेच आहेत. नेटवर दोन कोड टाकले की सरळ अंतर मिळतं. मुंबई–हीथ्रो सुमारे 7,200 किलोमीटर. आकडा सागरी मैलांत आला तर 1.852 ने गुणा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजाल तर फसाल, कारण पृथ्वी गोल आहे. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, मुलांना मजा येते.

आता वेळ. विमानाचा वेग ताशी 850 किलोमीटर धरून अंतराला 850 ने भागा आणि विमान आकाशात चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा: साधारण नऊ तास. पण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, त्यामुळे जाताना विमान रेंगाळतं आणि येताना तोच वारा पाठीशी लागतो. शिवाय एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असली की वळसा पडतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा युरोपकडे जाणाऱ्या भारतीय विमानांचे मार्ग असेच लांबले.

मग घड्याळ जुळवा. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. सव्वापाचात साडेपाच मिळवले की आपले रात्रीचे पावणेअकरा. म्हणजे प्रवास पावणेदहा तासांचा. आईचं समाधान झालं.

माझं नाही झालं. मराठवाड्यातल्या माणसाचा खरा प्रवास विमानतळाच्या अलीकडे असतो. नांदेडहून मुंबई म्हणजे रेल्वेने दहा-बारा तास, पुढे स्टेशन ते विमानतळ, आणि परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजेरी. हैदराबाद मात्र रस्त्याने पाच-सहा तासांवर, आणि लंडनला थेट विमान तिथूनही आहे. हैदराबाद–हीथ्रो अंतर पाचेकशे किलोमीटरने जास्त भरतं, पण हवेत ते पाऊण तासाच्या आत उरकतं. जमिनीवर मात्र अख्खी रात्र वाचते. संभाजीनगर-जालनावाल्यांनी हा हिशेब उचलू नये, त्यांना मुंबईच जवळ.

संभाजीनगरहून मुंबईपर्यंत विमानानेच जाणार असाल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगळी तिकिटं काढली तर मुंबईत बॅगा घेऊन पुन्हा रांगेत लागावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याचे पैसे बुडू शकतात. तरीही वेगळीच काढायची असतील तर मध्ये निदान पाच-सहा तास ठेवा. डबा सोबत असू द्या, विमानतळावरचा चहासुद्धा परवडत नाही.