नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एसएमपीएस कसा तपासावा

‘माझा एसएमपीएस (संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) ५०० वॅटचा आहे, त्यावर हे कार्ड चालेल का?’ या प्रश्नाला होय किंवा नाही असे फटकन उत्तर देणाऱ्याचे ऐकू नये, कारण नुसत्या ५०० या आकड्यावरून ते उत्तर देताच येत नाही. ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेते आणि खोक्यावर एकच आकडा छापलेल्या दोन एसएमपीएसमध्ये त्या लाइनची ताकद कमालीची वेगळी असू शकते. ती ताकद नीट वाचणे हेच या तपासणीतले खरे काम आहे.

लेबलपर्यंत पोहोचणे

संगणक बंद करून मागची वायर काढावी, कॅबिनेटचे बाजूचे पॅनेल उघडावे आणि एसएमपीएसवरचे लेबल शोधावे. विंडोजमध्ये किंवा एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा धुंडाळत बसू नये. सर्वसाधारण एसएमपीएस मदरबोर्डला आपली क्षमता कळवतच नाही, मग ती प्रोग्रॅमला कोठून कळणार? लेबल पत्र्याच्या बाजूला दडले असेल तर मागचे चार स्क्रू काढून डबा पुढे ओढावा किंवा मोबाइल फटीतून आत घालून फोटो काढावा. डबा मात्र उघडू नये, कारण आतला मुख्य कपॅसिटर वायर काढल्यानंतरही काही काळ घातक व्होल्टेज धरून राहू शकतो.

लेबल वाचणे

गोंधळ होतो तो येथेच, आणि मलाही सर्वांत जास्त काळ चकवले ते याच तक्त्याने. म्हणून तो सावकाश वाचावा.

तक्त्याच्या वरच्या भागात भिंतीतून येणाऱ्या विजेचे आकडे असतात, उदाहरणार्थ २०० ते २४० व्होल्ट आणि ६ अँपिअर. त्यांचा गुणाकार करून ‘माझा एसएमपीएस तेराशे वॅटचा निघाला’ असे समजणारे लोक खरोखर भेटतात. हे आकडे आत येणाऱ्या विजेच्या कमाल मर्यादेचे असल्याने आपल्या हिशेबात त्यांचे काहीही काम नाही. त्याखाली बाहेर जाणाऱ्या लाइनींचे स्तंभ असतात: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, अधिक १२ व्होल्ट, उणे १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट स्टँडबाय. उणे १२ व्होल्टच्या स्तंभात सहसा ०.३ अँपिअर असा नगण्य आकडा असतो; तो पाहून घाबरू नये. आपल्याला हवा आहे तो अधिक चिन्ह असलेला १२ व्होल्टचा स्तंभ.

त्या स्तंभाखालच्या अँपिअरला १२ ने गुणले की त्या लाइनचे वॅट मिळतात. समजा, एका ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ३७ अँपिअर लिहिले आहेत; म्हणजे ४४४ वॅट. दुसऱ्यावरही ४५० वॅटच छापलेले आहे, पण तेथे १२ व्होल्टचे दोन स्तंभ आहेत, एकात १४ आणि दुसऱ्यात १५ अँपिअर. येथे १४ आणि १५ यांची बेरीज करून २९ अँपिअर, म्हणजे ३४८ वॅट, असा आकडा काढण्याचा मोह होतो आणि अनेक सल्लागार तेच करायला सांगतात. ते साफ चूक आहे. स्तंभांखालचा आकडा त्या त्या फाट्याची स्वतंत्र मर्यादा असते, तर दोन्ही फाट्यांवर मिळून किती भार देता येईल हे आणखी खालच्या ‘कमाल एकत्रित’ ओळीत लिहिलेले असते. त्या ओळीत दोन्ही स्तंभांमधली रेघ पुसून एकच चौकट केलेली दिसते, आणि समजा तिच्यात ३०० वॅट लिहिले आहे, तर ३०० हाच खरा आकडा. एकत्रित ओळच नसेल, किंवा १२ व्होल्टचे अँपिअरच लिहिलेले नसतील, तर अशा एसएमपीएसवर नवे कार्ड लावण्याचा विचार मी करणार नाही आणि कोणाला करू देणार नाही.

हा फरक पडतो कसा? जुन्या काळी प्रोसेसरही आपली वीज ५ व्होल्ट किंवा ३.३ व्होल्टच्या लाइनवरून घेत असे, त्यामुळे एसएमपीएसची बरीच क्षमता त्या लाइनींसाठी राखलेली असे. २००० साली पेंटियम ४ च्या आसपास प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा चार पिनांचा वेगळा कनेक्टर आला आणि भार १२ व्होल्टकडे सरकत गेला. आजच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये आधी १२ व्होल्ट तयार करून त्यातूनच लागेल तसे ५ आणि ३.३ व्होल्ट काढले जातात, म्हणून जवळजवळ पूर्ण क्षमता १२ व्होल्टवर वापरता येते. जुन्या आराखड्याचा स्वस्त एसएमपीएस मात्र आजही विकला जातो, आणि त्याच्या खोक्यावरच्या ४५० मध्ये कोणीही न वापरणाऱ्या वॅटचा मोठा वाटा असतो. माझी कसोटी सोपी आहे: १२ व्होल्टचे वॅट एकूण वॅटच्या ९५ टक्क्यांच्या आसपास असतील तर आराखडा आधुनिक आहे, ७० टक्क्यांच्या खाली असतील तर खोक्यावरचा आकडा विसरून जावा.

८० प्लस या कार्यक्षमतेच्या शिक्क्याबद्दलही एक गैरसमज चिवट आहे. ‘८० टक्के कार्यक्षमता म्हणजे ५०० पैकी ४०० वॅटच मिळणार’ असे सांगितले जाते. तसे नाही. ५०० वॅटच्या एसएमपीएसने संगणकाला ५०० वॅटच द्यायचे असतात. कार्यक्षमता एवढेच सांगते की त्यासाठी तो भिंतीतून किती जास्त ओढेल. ब्राँझ, गोल्ड वगैरे दर्जे वीज किती वाया जाते याचे आहेत, आतल्या संरक्षण व्यवस्थेची हमी त्यातून मिळत नाही.

हिशेब मांडणे

प्रोसेसरचा कमाल भार, कार्डचा भार आणि बाकी सगळ्यांसाठी ६० वॅट, अशी बेरीज करावी. प्रोसेसरच्या बाबतीत जाहिरातीतला आकडा घेऊ नये. कोअर आय५ १२४०० वर ६५ वॅट लिहिलेले असते, पण इंटेलच्याच तपशिलात त्याची कमाल टर्बो मर्यादा ११७ वॅट आहे. एएम४ सॉकेटवरचे (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) एएमडीचे ६५ वॅटचे प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत आणि १०५ वॅटचे १४२ वॅटपर्यंत जातात. कार्डचा आकडा मात्र संपूर्ण कार्डाचा घ्यावा, फक्त चिपचा नव्हे.

आय५ १२४०० आणि ११५ वॅटचे आरटीएक्स ४०६० घेतले तर ११७, ११५ आणि ६० मिळून २९२ वॅट होतात. वरच्या दोन एसएमपीएसपैकी पहिल्यावर हा भार १२ व्होल्टच्या क्षमतेच्या ६६ टक्के भरतो. दुसऱ्यावर ९७ टक्के. खोक्यावर आकडा एकच, पण पहिल्यावर हे कार्ड निश्चिंतपणे लावता येईल, दुसऱ्यावर अजिबात नाही. (६० वॅटमधला काही भाग इतर लाइनींवर पडतो, पण तो १२ व्होल्टवरच धरणे सुरक्षित.) ही बेरीज १२ व्होल्टच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आत राहावी, असा माझा नियम आहे.

याच कार्डासाठी ५५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस केलेली असते. ती सुमार एसएमपीएस आणि खादाड प्रोसेसर गृहीत धरून केलेली असल्यामुळे चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसला केवळ तिच्याखातर बाद करू नये. उलट सुमार ५५० वॅटवाल्याला तिच्या जोरावर पासही करू नये.

क्षणिक उसळ्या

सत्तर टक्क्यांचा नियम काहींना भित्रा वाटतो. पण कार्डचा जाहीर आकडा सरासरीचा असतो. खेळातले दृश्य बदलताना कार्ड सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरते त्याच्या कितीतरी वर उसळते, आणि ही उसळी ना सॉफ्टवेअरला दिसते, ना भिंतीवरच्या वीजमापकाला. एसएमपीएसच्या संरक्षण व्यवस्थेला ती दिसते आणि तो संगणक धाडकन बंद करतो. २०२० साली आलेल्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० या कार्डांनी कागदावर पुरेसे वाटणारे अनेक एसएमपीएस असेच पाडले. २०२२ च्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकाने याची दखल घेतली: सोळा पिनांचा कनेक्टर असलेल्या ८५० वॅटच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद दुप्पट, म्हणजे १७०० वॅटची उसळी सोसली पाहिजे.

म्हणून सुमारे २०० वॅटपर्यंतच्या कार्डांना ७० टक्क्यांचा नियम पुरे. त्याहून मोठ्या कार्डासाठी एसएमपीएस जुन्या मानकाचा असेल तर ६० टक्के धरावेत. ३२० वॅटचे आरटीएक्स ३०८०, १४२ वॅटचा प्रोसेसर आणि ६० वॅट मिळून ५२२ होतात. ६५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवरही हा भार ८० टक्के भरतो, आणि ‘ऐंशीच तर आहेत’ म्हणून तो स्वीकारू नये.

कनेक्टर

मदरबोर्डचा स्लॉट कार्डला ७५ वॅटपर्यंत देतो, सहा पिनांचा कनेक्टर ७५ आणि आठ पिनांचा १५०. कार्डला लागणारे कनेक्टर एसएमपीएसमधून थेट निघत नसतील, तर तो त्या कार्डासाठी बनलेला नाही हे उत्पादकाने स्वतःच सांगितले आहे असे समजावे. साटा कनेक्टरवरून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वीज घेणारे अडॅप्टर तर घरातही ठेवू नयेत: साटामधल्या १२ व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट, त्यावरून कार्ड ७५ किंवा १५० वॅट मागू लागले की प्लॅस्टिक वितळते. एका केबलवर दोन डोकी असतील तर मोठ्या कार्डासाठी दोन स्वतंत्र केबल ओढाव्यात.

नव्या सोळा पिनांच्या कनेक्टरबाबत एकच गोष्ट महत्त्वाची: तो पूर्ण आत गेला पाहिजे, आणि कनेक्टरपासून तीन-चार सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नये. २०२२ साली आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा तो पूर्ण न बसणे हे एक मुख्य कारण पुढे आले. नंतरच्या सुधारित कनेक्टरमध्ये संकेताच्या पिना (कनेक्टर बसल्याचे कार्डला कळवणाऱ्या) आखूड केल्या त्या यासाठीच.

कंपनीने जोडून दिलेला संगणक असेल तर मदरबोर्डला जाणारा कनेक्टर चोवीस पिनांचा आहे का तेही पाहावे. नसल्यास बाजारातला साधा एसएमपीएस त्याला बसणार नाही आणि बदलाचा बेतच नव्याने आखावा लागेल.

वय

हमीची मुदत उलटून गेलेल्या एसएमपीएसवर मोठे कार्ड लावू नये. पंख्याचा आवाज बदलला असेल तर हमी असली तरी लावू नये.

चाचणी

कार्ड बसवल्यावर ओसीसीटी या सॉफ्टवेअरमधली प्रोसेसर आणि कार्ड यांना एकत्र ताण देणारी चाचणी अर्धा तास चालवावी, आणि त्यानंतर नेहमीचा सर्वांत जड खेळ तासभर खेळावा. खेळ वगळू नये, कारण चाचणीतला भार एकसारखा असतो आणि उसळ्या मात्र चढउतारातून येतात. चित्र गोठले, रंगीत ठिपके आले, खेळ बंद पडून डेस्कटॉप दिसला, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा कार्डचा. संपूर्ण संगणक क्षणात मेला आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय बटणाला दादच देईना, तर एसएमपीएसच्या संरक्षण व्यवस्थेने हात वर केले आहेत असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. अशा वेळी विंडोजच्या नोंदीत दिसणाऱ्या ‘कर्नल पॉवर ४१’ वरून निष्कर्ष काढू नये. संगणक रीतसर बंद झाला नाही, एवढेच ती नोंद सांगते.

तात्पुरता उपाय म्हणून आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डची पॉवर लिमिट (वीज घेण्याची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणावी. वेग त्या मानाने थोडाच घटतो आणि उसळ्याही उतरतात. कायमचा उपाय एसएमपीएस बदलणे हाच आहे. तो बदलताना जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल ‘आधीच नीट बांधलेल्या आहेत’ म्हणून आत ठेवू नयेत. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रमाणित नसते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती वेगळी असू शकते, आणि जुनी केबल नव्या एसएमपीएसमध्ये घट्ट बसूनही ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पाठवू शकते. जुन्या एसएमपीएसबरोबर त्याची प्रत्येक केबल बाहेर काढावी आणि नव्याच्या खोक्यातून आलेल्याच केबल वापराव्यात.